दोनवरची खुंटी

गुणवंतराव बोरकुटे मराठी शिकवत आणि इतिहास शिकवत. गणित त्यांनी मॅट्रिकला सोडलं, तेव्हा त्यांना आणि गणिताला, दोघांनाही हायसं वाटलं होतं. असं असताना फेब्रुवारी सत्तावन्नच्या एका शुक्रवारी, चामोर्शीपासून सात मैलांवरच्या मोहटोल्याच्या हायस्कुलात, हेडमास्तर भैयाजी त्यांच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि गणितच पुन्हा त्यांच्या घरी नांदायला आलं.

भैयाजींच्या हातात पत्र होतं. गणिताचे मास्तर सासऱ्याच्या ओळखीने नागपूरला बदली करून गेले होते, त्याला तीन आठवडे झाले होते. आणि आता, चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेल्यावर पहिल्यांदाच, तिकडले तपासणी साहेब येणार होते. अकरावीच्या वर्गाला मान्यता द्यायची की नाही ते ठरवणार होते, आणि खास करून गणित पाहणार होते. मान्यता नाही मिळाली तर अकरावीची चौदा मुलं चांद्याला पाठवावी लागणार. पाठवणार कोण? चौदांत चार मुली होत्या. त्यांचं तर शिक्षण तिथेच संपणार.

"गुणवंतराव, हे काम तुमचंच," भैयाजी म्हणाले.

"माझं? मी मराठीचा माणूस, जी."

"पण तुमचं अक्षर किती सुंदर आहे! आलेख काढणं म्हणजे काय, वळणदार रेघच ना?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते गुणवंतरावांना संध्याकाळी घरी हातपाय धुताना सुचलं, आणि तोवर वेळापत्रकावर त्यांचं नाव चढलं होतं.

पुस्तकात त्या धड्यात एकच मोठं उदाहरण सोडवून दाखवलं होतं. क्षची दुप्पट करा, त्यातून सहा वजा करा, आणि जे उरेल त्याला क्ष वजा दोनने भागा. येईल तो य. याचा आलेख काढा. आलेख कसा दिसतो ते पुढच्या पानावर होतं, आणि पुढचं पान वाळवीने खाल्लं होतं. वाळवी मोठी चोखंदळ. मलपृष्ठावरच्या शाईच्या जाहिरातीला ती शिवलीसुद्धा नव्हती.

तरी गुणवंतराव बसले. क्ष शून्य ठेवला तर उणे सहाला उणे दोनने भाग, म्हणजे य तीन. उभा अक्ष तीनवर कापला. य शून्य व्हायचा तर वरचा अंश शून्य हवा, म्हणजे क्ष तीन. आडवा अक्षही तीनवरच कापला. दोन्हीकडे तीन! गुणवंतरावांना एकदम जुळवून आणलेल्या सोयरिकीसारखं समाधान वाटलं. पुढे पुस्तकात लिहिलं होतं की क्ष बरोबर दोन आणि य बरोबर दोन या दोन अनंतस्पर्शी रेषा आहेत. वक्र त्यांच्या जवळ जवळ जातो, पण त्यांना गाठत नाही.

'अनंतस्पर्शी' हा शब्द गुणवंतरावांना अतिशय आवडला. पहिल्या तासाचा अर्धा वेळ त्यांनी त्याचा विग्रह करण्यात घालवली. अनंतात स्पर्श करणारी, म्हणजे आपल्या तालुक्यात करणार नाही, एवढं त्यांना पक्कं कळलं. मग त्यांनी फळ्यावर त्या दोन रेषा तुटक तुटक, सुरेख काढल्या, आणि शेवटी दोन तिनांना जोडणारी एक सरळ रेघ पट्टी लावून मारली. झाला आलेख.

मनकर्णा नावाची मुलगी दुसऱ्या बाकावरून उठली. "सर, तुमी म्हनले ते रेघ तुटक रेघेले गाठत नाई. मंग हे तं ओलांडूनच गेली. काऊन?"

गुणवंतरावांनी फळ्याकडे पाहिलं. गेली होती खरी.

"अपवाद असतात," ते म्हणाले. "इतिहासात पाहा किती आहेत. बस खाली."

मनकर्णा बसली. पण इतिहास शिकवताना तिच्या चेहऱ्यावर दिसायचा तो विश्वास आज दिसला नाही, आणि ते गुणवंतरावांना दिवसभर टोचत राहिलं.

आता अडचण अशी की साहेबांना दाखवायला आलेखाचे कागद हवेत. ते मागवायचा अर्ज गेल्या सप्टेंबरातच गेला होता. नोव्हेंबरात राज्य बदललं. अर्ज जुन्या राज्याच्या कुठल्याशा कचेरीत होता. तिथून शेरा आला की आपण आता आमच्याकडे नाही, नव्या राज्याकडे मागावे. नव्या राज्याकडून उत्तर आलं की मूळ अर्ज जोडावा. मूळ अर्जाची मागणी जुन्या राज्याकडे केली तेव्हा त्यांनी विचारलं, आपण कोण?

शाळेचा फळा होता, पण त्याला मधोमध मोठी चीर होती. साहेबांना नेमकी ती चीरच अनंतस्पर्शी वाटली असती.

तोडगा सुगंधाबाईंनी काढला. त्या गुणवंतरावांच्या पत्नी. अंगणात सडा घालता घालता म्हणाल्या, "एवढं मोठं पटांगण पडलं आहे शाळेपुढं. जमिनीवर काढा ना. सायबाले लांबूनही दिसन."

गुणवंतरावांनी ही कल्पना दुसऱ्या दिवशी भैयाजींना स्वतःची म्हणून सांगितली. (हे त्यांनी पुढे स्वतःच सर्वांसमोर कबूल केलं, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.) भैयाजी खूष झाले. एक वार म्हणजे एक घर, अशी सहा घरं इकडे, सहा तिकडे. लागणारी चुन्याची फक्की नानाजींकडून मिळणार होती.

नानाजी हे मालगुजाराचे जुने दिवाणजी. मालगुजारी सहा वर्षांपूर्वी गेली, पण नानाजींचा सल्ला देण्याचा हक्क कुठल्याच कायद्याने काढून घेतला नव्हता. त्यांचं घर शाळेच्या पश्चिमेला. चुन्याचं पिंप दिलं आणि स्वतः खुर्ची टाकून बसले. गुणवंतरावांनी अक्ष मारले, चौकटी आखल्या, आकडे घातले. पूर्वेकडे एक, दोन, तीन. पश्चिमेकडे उणे एक, उणे दोन.

"थांबा मास्तर," नानाजी उठले. "हे काय लिवलं?"

"उणे. शून्याच्या खालचे आकडे."

"माह्या घराकडं उणे?"

"नानाजी, ते गणितातलं..."

"माह्या दारापासून कमी होत होत जाते म्हंता? घरात लग्नाची पोरगी आहे! अधिक घाला माह्याकडं."

गुणवंतराव समजूत घालत असताना भैयाजी व्हरांड्यातून उतरले. त्यांची कचेरी दक्षिणेला. उभा अक्ष खाली उणे उणे करत बरोबर त्यांच्या दाराच्या रोखाने गेला होता. भैयाजी शिकलेले गृहस्थ, त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. ते एवढंच म्हणाले की साहेब त्याच खोलीत बसणार आहेत, तर उगाच कशाला.

म्हणून सगळा आलेख उलटा फिरवला. अधिक नानाजींकडे आणि कचेरीकडे गेलं. उणे एकीकडे पडीत माळावर आणि एकीकडे कोंडवाड्यावर गेलं. कोंडवाड्यात तेव्हा दोन मोकाट म्हशी होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. मात्र आता कचेरीच्या व्हरांड्यातून आलेख पायाकडून डोक्याकडे दिसू लागला, तेव्हा साहेबांची खुर्ची कोंडवाड्याच्या कुडापाशी टाकायची ठरली. भैयाजींनी ते मान्य केलं, पण त्यांचा चेहरा पडला.

दुसरा दिवस बुधवार, गावचा बाजार. सकाळी गुणवंतराव पटांगणात आले आणि जागीच थबकले. प्रत्येक चौकटीत एकेक दुकान बसलं होतं. वांगी, लाखोळीची डाळ, बांबूची सुपं, वाळकी मासळी. कुणीही रेघ ओलांडलेली नव्हती. मोहटोल्याचा बाजार इतक्या शिस्तीत कधी बसलाच नव्हता.

मधोमध, जिथे दोन्ही अक्ष एकमेकांना छेदत होते तिथे, सुकरी नावाची बाई मिरच्यांचा ढीग मांडून बसली होती.

"बाई, इथून उठा. हा शून्य आहे," गुणवंतराव म्हणाले.

"असन. मी कोंबडा आरवाच्या आधी आली, म्हून मले मधातली जागा भेटली."

"ही बाजाराची जागा नाही, शाळेचा आलेख आहे."

"सरकारनं आखून देल्ली जी. नव्या राज्यानं. समदे म्हनून राह्यले." सुकरीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमाले जागा नाई भेटली का? तिकडं कोन्यात आहे एक."

गुणवंतराव एम. ए. नव्हते, पण बी. ए. होते. त्यांनी मान वळवली आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहायची ठरवली.

बाजार उठला तेव्हा चुन्याचं काही उरलं नव्हतं. नानाजींच्या पिंपातही तळाशी दोन घमेली फक्की होती. साहेब परवा येणार. गुणवंतराव पटांगणाच्या कडेला दगडावर बसले. आपण चौदा पोरांचं वर्ष बुडवणार, हे त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आलं. आलेखाची हौस, अक्षराची कौतुकं, सगळी गळून गेली.

तेवढ्यात एक म्हातारा समोर येऊन उभा राहिला. कमरेला पंचा, खांद्यावर न खपलेल्या दोरांची वेटोळी. जंगलातल्या गावचा पोचू. बाजाराला दोर विकायला आलेला.

"जोहार, मास्तर. हे रेघा तुमीच मारल्या होत्या का?"

"मीच."

"काटकोनात नोहत्या," पोचू म्हणाला. बोलला तो अगदी नम्रपणे, पण बोलला.

पोचूने तीस वर्षं जंगलमोजणीत साखळी ओढली होती. इंग्रज साहेबांपुढे ओढली होती, देशी साहेबांपुढे ओढली होती. खुंट्या मारणं, झेंडी धरणं, रेघ सरळ आहे का ते एक डोळा मिटून पाहणं, हेच त्याचं आयुष्य. त्याने विचारलं नाही, सांगितलंही नाही. दोराला गाठी मारल्या, तीन हात, चार हात, पाच हात, आणि त्रिकोण ताणून काटकोन धरला. अर्ध्या तासात दोन्ही अक्ष असे पडले की गुणवंतरावांना आपले कालचे अक्ष आठवून लाज वाटली. मग क्ष दोनवर आणि य दोनवर अनंतस्पर्शी रेषाही पडल्या. तेवढ्यात फक्की संपली.

"आता वक्र," गुणवंतराव म्हणाले. "इथे तीनवर एक खुंटी, तिथे तीनवर एक. मधे सरळ दोर."

पोचूने दोन खुंट्या मारल्या. तिसरी हातात घेऊन तो थांबला. "मधातली?"

"मधली कशाला?"

"दोन खुंट्यांवर साहेबलोक रेघ मारू देत नोहते जी. मधात एक तपासाची खुंटी लागे. मंगच खरं."

नाइलाजाने गुणवंतरावांनी खिशातून कागद काढला. क्ष एक. दोनातून सहा गेले, उणे चार. एकातून दोन गेले, उणे एक. भागाकार चार. पोचूने चारवर खुंटी मारली. ती दोराच्या दोन वार बाहेर पडली. "रेघ खोटी आहे, मास्तर," तो म्हणाला.

"मग दोनवर घेऊ," गुणवंतराव घाईने म्हणाले. चारातून सहा गेले, उणे दोन. दोनातून दोन गेले...

पोचू खुंटी धरून उभा होता. "कुठी मारू?"

गुणवंतरावांनी भागाकार पुन्हा मांडला, खाली पुन्हा शून्यच.

"मास्तर, कुठी मारू?"

"थोडं अलीकडचं घेऊ," ते म्हणाले. "एक पूर्णांक नऊ दशांश." उत्तर आलं बावीस. बावीस वार.

पोचूचा चेहरा उजळला. "पुरी एक साखळी!" तो दक्षिणेकडे पावलं मोजत निघाला, व्हरांडा चढला, आणि भैयाजींच्या कचेरीत टेबलाच्या पायापाशी जाऊन उभा राहिला. तिथे त्याने खुंटी मारली नाही, नुसती ठेवली.

आता गुणवंतरावांना राहवेना. एक पूर्णांक नव्व्याण्णव शतांश घेतलं. दोनशे दोन वार आले. "नऊ साखळ्या, चार वार," पोचूने तोंडी सांगितलं. "कचेरीच्या मांगं, तलावापाशी." दोनच्या पलीकडे एक शतांश गेलं तर उणे एकशे अठ्ठ्याण्णव. "बरोब्बर नऊ साखळ्या, उलट्या अंगानं! कोंडवाड्याच्या पार धानाच्या बांदीत!" दोघं एकमेकांकडे पाहू लागले. पायाखाली दोन खुणांमध्ये दोन बोटांचंसुद्धा अंतर नव्हतं, आणि एक खुंटी तलावावर, दुसरी शेतात.

"अन् दोनवर?" पोचूने हळू विचारलं.

"दोनवर कुठेच नाही. शून्याने भागता येत नाही. त्या खुंटीला जागाच नाही."

पोचू खाली बसला. "तीस वर्सं साखळी वढली जी. दऱ्यात मारली खुंटी, नदीत मारली. पन जागाच नाई अशी खुंटी आज पाह्यली."

गुणवंतरावही त्याच्या शेजारी जमिनीवर बसले, धोतराची पर्वा न करता. अनंतस्पर्शीचा अर्थ त्यांना त्या घटकेला कळला. आणि त्याच घटकेला हेही कळलं की आपण चार दिवस चौदा मुलांना खोटं शिकवलं, आणि खरं बोलणाऱ्या एकटीला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवारी पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावरची सरळ रेघ पुसली. "ही चूक होती," ते म्हणाले. "मनकर्णा बरोबर बोलली होती. अपवाद वगैरे काही नसतं, मला येत नव्हतं." गुणवंतरावांना वाटलं, आता जन्मभराची अब्रू गेली. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मंग खरा कसा येते सर?" आणि सगळा वर्ग पटांगणात पळाला. पोचू गावातच ओळखीच्यांकडे राहिला होता. तो खुंट्या मारत गेला, मुलं भागाकार करत गेली. दोन तुकड्यांचा वक्र निघाला. एक तुकडा तुटक रेषांच्या कोपऱ्यात इकडे, दुसरा तिकडे. दोन्ही तिनांतून सुरेख जाणारा. फक्त तो भरायला चुना नव्हता.

"तांदळाचं पीठ घाला," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि शुक्रवारी सकाळी स्वतःच पायली घेऊन आल्या. रांगोळीचा हात त्यांचा. वक्र असा उतरला की भैयाजींनी गुणवंतरावांच्या अक्षराचा उल्लेख पुन्हा कधी केला नाही. वक्र भरून झाल्यावर पोचू आपले दोर उचलून निघून गेला. वाट लांबची होती, थांबता आलं नाही.

साहेब अकराला आले. उंच, बारीक, पुण्याकडचे. कोंडवाड्याच्या कुडापाशी खुर्ची पाहून त्यांनी भुवई उंचावली. "मी इथे बसायचं आहे का?"

"इथूनच सुलटा दिसतो, साहेब," भैयाजी म्हणाले.

साहेब बसले. मागून म्हशीने त्यांच्या टोपीचा वास घेतला. आणि नेमकं तेव्हाच कोंडवाड्याच्या राखणदाराने, झिंगूने, आपल्या कोंबड्या सोडल्या.

कोंबड्यांना पीठ दिसलं. जवळचा तुकडा त्यांनी टोकापासून धरला. पंधरा-सोळा कोंबड्या, एकीमागे एक, वक्रावरून टिपत निघाल्या. "हाकला! अरे हाकला!" भैयाजी ओरडले.

"थांबा," साहेब म्हणाले. "कुणी हलू नका."

पीठ संपत होतं, पण वक्र पुसला जात नव्हता. तो आता कोंबड्यांचा झाला होता. चुन्याच्या उभ्या रेषेला लगटून त्या वर आल्या, तीनवर अक्ष ओलांडला, वळल्या, आणि आडव्या रेषेच्या जवळ जवळ सरकत राहिल्या. चुन्यात खायला काही नव्हतं. एकीनेही अनंतस्पर्शीला चोच लावली नाही. (नंतर एकीने ओलांडली, पण तेव्हा साहेब चष्मा पुसत होते.)

साहेब हसले नाहीत. त्यांनी मुलांकडे पाहिलं. "त्या उभ्या रेषेवर एकही कोंबडी का नाही, कोण सांगेल?"

"पीठ नाई म्हून," एकजण म्हणाला.

"आणि पीठ का नाही?"

मनकर्णा पुढे आली. "तिथी क्ष दोन आहे जी. खाली शून्य येते. दोनच्या जरासं अलीकडं घेतलं तं खुंटी तलावावर जाते, पलीकडं घेतलं तं धानात. दोनवर खुंटीले जागाच नाई."

साहेबांनी भैयाजींकडे पाहिलं. "हे कुणी शिकवलं?"

भैयाजींनी अभिमानाने गुणवंतरावांकडे हात केला. मान खाली घालून 'मीच' म्हणायला गुणवंतरावांना एक क्षण पुरला असता. पण ते म्हणाले, "साहेब, मी चुकीचं शिकवलं होतं. चूक हिने धरली, मी ऐकलं नाही. मग पोचू नावाच्या साखळीवाल्याने धरली. तो आज सकाळीच जंगलात गेला. आलेख जमिनीवर काढायचं माझ्या घरातून सुचलं आणि पीठही तिथलंच." आणि मग सगळंच सांगायचं ठरल्यावर त्यांनी जोडलं, "चुना नानाजींचा."

नानाजी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. जाताना म्हणाले, "मी वीस वर्षं तपासण्या करतोय. शिक्षकाने आपली चूक मुलांना सांगितलेली पहिल्यांदाच ऐकली. त्याला कुठला रकाना नाही, पण लिहितो कुठेतरी."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मान्यतेचं पत्र आलं. भैयाजींनी ते तीनदा मोठ्याने वाचलं. मनकर्णाच्या आईने शाळेत येऊन गुणवंतरावांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. त्यांनी तो कसाबसा टाळला.

रविवारी गुणवंतराव कोट-टोपी घालून पोचूच्या गावाला निघाले. चार मैल बैलगाडी, पुढे तीन मैल पायवाट. वाटेत त्यांनी आभाराचं भाषण तयार केलं. शुद्ध, ओघवतं, शेवटी ऋणाचा उल्लेख असलेलं. आठ मिनिटांचं होतं.

पोचू आणि त्याची बायको मंगली मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत होते. झाडाखालची जमीन पिवळसर फुलांनी झाकली होती आणि ऊन चढायच्या आत ती उचलायची होती.

"जोहार, मास्तर," पोचू म्हणाला. "मान्यता भेटली का?"

"भेटली," गुणवंतराव म्हणाले. आणि भाषणाचं पहिलं वाक्य जुळवत असताना मंगलीने रिकामी टोपली त्यांच्यापुढे सरकवली. तिला वाटलं, पाहुणा वेचायला आला.

गुणवंतरावांनी कोट काढून फांदीला अडकवला आणि वाकले. दोन तास वेचली. पोचू मोजणीच्या गोष्टी सांगत होता, मंगली मधेच हसत होती. दुपारी आंबील प्याले, सावलीला पडले, आणि परत निघाले तेव्हा वाटेत अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं की आभाराचा एक शब्दही बोललो नाही.

घरी आल्यावर कंबर शेकत त्यांनी सुगंधाबाईंना हे सांगितलं. अगदी खजील होऊन सांगितलं.

"मंग निंगताना ते काय म्हनले?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"म्हणाला, आठ दिवस अजून फुलं आहेत. पुढच्या वेळी बाईले घेऊन या."

सुगंधाबाईंनी शेकायची पुरचुंडी बाजूला ठेवली. कोपऱ्यातल्या टोपल्या उतरवून पाहिल्या आणि त्यांतल्या दोन धड निघाल्या त्या वेगळ्या काढल्या.

पुढच्या रविवारी पहाटेच दोघं निघाले. या खेपेला गुणवंतरावांनी कोट घातला नाही.